बडनेऱ्याचा आस्तामारी

आठवीच्या वर्गावर भूमिती चालू होती. फळ्यावर वर्तुळ काढून मी वळलो, तर दारात रेल्वेचा गार्ड उभा. त्याची ड्यूटी अकोल्याला संपली होती आणि तो स्टेशनावरून थेट शाळेत आला होता. बडनेऱ्याचा माणूस; एकेकाळी आमच्याविरुद्ध फुटबॉल खेळलेला. "मास्तर, मनोहर गेला. सकाळीच," एवढंच तो म्हणाला आणि माझ्याकडे न पाहता फळ्यावरच्या त्या वर्तुळाकडे पाहत राहिला. मी मुलांना वह्या मिटायला सांगितलं...

याला आता पंधरा दिवस होतील. मधल्या काळात एका वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. ‘माजी क्रीडाशिक्षक मनोहर तायडे यांचे बडनेरा येथे दीर्घ आजाराने निधन’. यात खोटं काही नाही. पण या माणसाच्या नावानं परदेशातल्या एका मैदानावर हजारो लोक उभे राहिलेले मी पाहिले आहेत, आणि त्याआधी तो जे करत होता तेही जवळून पाहिलं आहे. ते सांगणारा इकडे दुसरा कुणी नाही, म्हणून लिहितो.

मनोहरचे वडील रेल्वेत गँगमन होते. ते लवकर वारले. माय आणि तो रेल्वेच्या चाळीत राहत. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत बडनेऱ्याचा रेल्वे संघ आमच्याशी खेळायला अकोल्याला यायचा. मी आमच्या बाजूचा गोलकीपर. तो त्यांचा मधल्या फळीतला खेळाडू. घोट्याला पट्ट्या बांधून अनवाणी खेळायचा. दिसायला किरकोळ. पहिल्याच सामन्यात त्यांनी माझ्यावर दोन गोल चढवले, दोन्ही डावीकडून. सामना संपल्यावर मी खांबाला टेकून बसलो होतो, तेव्हा तो माझ्यापाशी येऊन बसला.

"तू बॉल यायच्या आधीच उजवीकडे झुकतं," तो म्हणाला. "मी पोट्ट्यायले सांगतलं, डावीकडे मारा. तुले वाटून राहिलं असन, नशीब खराब हाय."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. इतकी वर्षं मी खेळत होतो आणि माझं शरीर काय करतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी आपण होऊन बडनेऱ्याला गेलो आणि त्याच्याकडून सराव करून घेतला. मैत्री झाली ती तिथून.

त्याचं खेळणं फार दिवस टिकलं नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात कशी भेगाळते हे वऱ्हाडात सांगायला नको. अशाच एका भेगेत धावताना त्याचा पाय अडकला आणि गुडघा कायमचा गेला. वय अवघं पंचविशीचं. मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर पडून खिडकीतून मैदानावरचा खेळ पाहत होता. मी धीराचं काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाला, "थांब ना बाप्पा, पाहू दे. मैदानाच्या आतमधून एवढं दिसत नव्हतं." त्या खाटेवर पडल्या पडल्या तो शिकला, असं मला नेहमी वाटतं. पुढे त्यानं अमरावतीला शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि आमच्याच शाळेत, अकोल्याला, ड्रिल मास्तर म्हणून लागला. छप्पन साली तो मायसोबत नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत त्यानं सगळ्यांना पेढे दिले. काहींनी खाल्ले, काहींनी खिशात ठेवले. खिशात ठेवणारे त्यानं पाहिले होते, हे मला माहीत आहे.

इथिओपियाच्या सरकारला शाळांसाठी भारतातले शिक्षक हवे आहेत, अशी जाहिरात आली. आम्ही दोघांनी अर्ज केले आणि दोघांचीही निवड झाली. मी गणितासाठी, तो व्यायामासाठी. बडनेऱ्याच्या फलाटावर त्याची माय आली होती. गाडी हलायला लागली तेव्हा तिनं खिडकीतून त्याच्या हातात पाण्याचा एक पितळी गडवा दिला आणि म्हणाली, "तिकडे कोनाचं मन दुखवू नोको. अन् कोनाच्या पुढे वाकू बी नोको."

आमची नेमणूक दिरे दावा नावाच्या गावी झाली. समुद्राकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं ते मोठं स्टेशन. रेल्वेचा कारखाना, कापडाची गिरणी, धूळ आणि ऊन. उतरल्यावर मनोहरनं चहूकडे पाहिलं. "शामराव, हे त बडनेराच हाय," तो मला म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचं मैदान शोधून आला. तिथं कामगारांचा एक संघ होता. त्याचा कारभार कोस्तास नावाचा एक ग्रीक व्यापारी पाही. महिनाभर मनोहर नुसता कडेला उभा राहून बघत होता. मग एक दिवस त्यानं कोस्तासला, मला सांगितलं होतं तसंच, कुणाचं शरीर आधीच काय बोलून जातं ते सांगितलं. कोस्तासनं संघ त्याच्या हाती दिला. खेळाडू त्याला आस्तामारी म्हणू लागले. तिथल्या भाषेत आस्तामारी म्हणजे मास्तर. ती भाषा तो माझ्यापेक्षा कितीतरी लवकर शिकला.

त्या संघात अब्दी नावाचा एक सोमाली तरुण होता. चेंडू त्याच्या पायाला चिकटून राही. पण सराव संपला की सगळे माठाभोवती जमत आणि अब्दी दूर उभा राही. सगळ्यांचं झाल्यावर कुणीतरी मगात पाणी घेऊन वरून ओती आणि तो ओंजळ धरून पिई. त्याच्या घरचे लोक कातडं कमावत, जोडे शिवत. बाकीचे सोमाली त्यांच्याशी सोयरीक करत नसत, त्यांच्या उष्ट्याला शिवत नसत.

हे पहिल्यांदा नजरेस पडलं तेव्हा मी मनोहरच्या शेजारीच होतो. तो बघत होता अब्दीच्या ओंजळीकडे. दर्यापूरकडच्या मामाच्या गावी लहानपणी तो स्वतः असंच पाणी प्यायला होता. एकदाच, फार पूर्वी, त्यानं मला ते सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गडवा घेऊन मैदानावर आला. सराव संपल्यावर त्यानं माठातून पाणी भरलं आणि आधी अब्दीला दिलं. अब्दी घेईना. "पी," मनोहर म्हणाला. तो तोंड लावून प्यायला. मग त्याच गडव्यातलं उरलेलं पाणी मनोहर स्वतः प्यायला, गडवा पुन्हा भरला आणि कप्तानापुढे धरला. कप्तान यूसुफ, उंटांचे कळप बाळगणाऱ्या मोठ्या घराण्यातला, देखणा, गावाचा लाडका. त्यानं मान फिरवली. बाकीच्यांनीही फिरवली. माठ मनोहरनं उचलून ठेवला आणि सगळे तहानलेले घरी गेले. हे रोज चाललं. हळूहळू एकेक जण प्यायला लागला. आधी दोन इथिओपियन फिटर, मग एक अरब, मग इतर सोमाली. यूसुफ मात्र नाही.

राजधानीच्या संघाशी मोठा सामना ठरला. गावात दुसरा विषय नव्हता. मनोहरनं खेळणाऱ्यांची नावं सांगितली, त्यात यूसुफ नव्हता. त्याच संध्याकाळी कोस्तास आमच्या घरी आला. मनोहरनं त्याला कॉफी दिली. कोस्तास बराच वेळ समजावत होता की लोक मैदान पेटवतील, की हा त्यांचा आपसातला मामला आहे, परक्यानं त्यात पडू नये.

"यूसुफला घ्या," तो शेवटी म्हणाला.

"घेतो," मनोहर म्हणाला. "पाणी प्यायला की घेतो."

"आणि हरलात तर?"

"हरलो तर हरलो. अकरा जण एकमेकांना चेंडू देतील असा संघ मला पाहिजे. दहा जणांचा नको."

कोस्तास गेल्यावर मी मनोहरला म्हणालो, "अरे, तू त्यांना एकदा सांगून का टाकत नाहीस? तू कोण, तुझ्या वाट्याला काय आलं ते? तुझ्यावर जीव आहे त्यांचा. यूसुफसुद्धा ऐकेल."

तो म्हणाला, "मी सांगतलं त ते माह्यासाठी पानी पेतीन, शामराव. अब्दीसाठी नाई."

ज्याची नोकरी उद्या जाऊ शकते, ज्याला सगळं गाव शिव्या देऊन राहिलंय, त्या माणसाच्या हातात एक हुकमी पान होतं आणि ते टाकायला तो तयार नव्हता... इतकं स्वच्छ मला आयुष्यात कधी विचार करता आलेलं नाही.

सामना ते हरले, वाईट रीतीनं हरले. लोकांनी मनोहरवर संत्र्यांच्या साली फेकल्या. कोस्तासनं त्याच्याकडून संघ काढून घेतला. मनोहरनं एका शब्दानं हुज्जत घातली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या शाळेच्या मैदानावर शाळेतल्या मुलांना घेऊन उभा राहिला. अब्दीही त्याच्यामागं आला, मग ते फिटर आले. कामगारांच्या संघात खेळायला माणसं उरेनात.

आणि एक दिवस यूसुफ आला. मैदानाच्या कडेला उभा राहिला. मनोहरनं त्याच्याकडे पाहिलं आणि चेंडू त्याच्या दिशेनं ढकलला, बस्स. यूसुफ खेळला. खेळता खेळता त्यानं अब्दीला एक पास दिला, अब्दीनं परत दिला, आणि गोल झाला. सराव संपल्यावर गडवा फिरला. मनोहर त्या वेळी पाठ करून चेंडूची हवा काढत बसला होता. मी मात्र पाहत होतो. यूसुफनं अब्दीच्या हातातून गडवा घेतला आणि तोंड लावून प्यायला. मी मनोहरला म्हणालो, "अरे, बघ ना." तो म्हणाला, "मी काहून पाहू? मी पाहिलं त त्याले लाज वाटन."

कोस्तास स्वतः येऊन त्याला परत घेऊन गेला. पुढच्या हंगामात तोच संघ राजधानीत जाऊन खेळला. माझा करार संपला होता, घरी निघालो होतो, म्हणून मला तो सामना पाहायला मिळाला. माणसांनी भरलेलं एवढं मोठं मैदान मी तोवर पाहिलं नव्हतं. मनोहर पांढरा सदरा घालून कडेला उभा होता, दुखऱ्या पायावर भार न देता. मध्येच मला म्हणाला, "त्यायच्या त्या उंच गड्याचा डावा पाय पाह्य. थकला. आता तिकूनच जाईन अब्दी." अब्दी तिकडूनच गेला. चेंडू जाळ्यात गेल्यावर लोक उठून उभे राहिले आणि ‘आस्तामारी, आस्तामारी’ असा जो घोष सुरू झाला, तो मला अजून ऐकू येतो. बडनेऱ्याच्या चाळीतल्या गँगमनचा हा मुलगा सगळ्यांसमोर मान खाली घालून आपल्या सदऱ्याची बाही खालीवर करत होता.

मी परतलो, तो राहिला. हरार, मग राजधानी, मग सीमेपलीकडे केनियात. एकामागून एक संघ त्याला बोलावत गेले. तिकडून येणारे शिक्षक त्याच्या गोष्टी आणत. मूत्रपिंडाचा आजार बळावला तेव्हा तो मायकडे परत आला. तिकडचे लोक उपचारांसाठी थांबायला सांगत होते, पण त्याला बडनेऱ्याला यायचं होतं.

परवा त्याच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. वंदना झाली, जेवणं झाली. माय भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आला तवापासून रोज सांजेले मैदानात जाये. पाय सुजले तरी जाये. मी म्हनो, काहून जातं बापा? त म्हने, पोट्टे वाट पाहून राहिले."

निघताना मी मैदानावरून गेलो. स्टेशनमास्तरच्या बंगल्यातली, गँगमनच्या चाळीतली, झाडूवाल्यांच्या वस्तीतली मुलं एकत्र खेळत होती. शिकवणारं कुणी नव्हतं, तरी खेळ शिस्तीत चालला होता. एक मुलगा कडेनं फार सुरेख धावत होता. चेंडू बाहेर गेला तेव्हा मी त्याला विचारलं, "नाव काय रे तुझं?"

"सुधाकर."

"सुधाकर काय?"

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "मास्तरनं सांगतलं हाय, मैदानावर एवढंच सांगाचं," तो म्हणाला आणि पळाला, कारण चेंडू त्याच्याकडे येत होता.