मामांची अंगची भांग

भांगेचा थेंब न चाखता भांगेनं पार झपाटलेला माणूस अख्ख्या शिराळा तालुक्यात एकच निघेल, आणि तो आमच्या आत्याचा नवरा आहे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणतो. सांगलीच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन गावी आले, शिकवायला पोरं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी गावालाच वर्गात बसवलं. विषय एकच, भांग माणसाच्या अंगात काय करते. दाढीला साबण लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही हे हेरून ते सलूनमध्ये जास्त रमत. "गड्या, भांग बाहेरनं कशाला प्यायची? तुझ्या डोक्यात ती घरचीच तयार हुती," अशी सुरुवात व्हायची. वस्तऱ्याखालच्या बिचाऱ्याला नाही म्हणून मान हलवायचीही सोय नसे.

त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मात्र सांगायला हवं. आपल्या शरीरात भांगेच्या जातीचा एक पदार्थ आपोआप तयार होतो आणि शास्त्रज्ञांनी त्याचं नाव आपल्या 'आनंद' या शब्दावरून ठेवलंय. मामांना याचा इतका अभिमान, की जणू त्याचं बारसं त्यांच्याच घरी झालं असावं. तो पदार्थ करतो काय, हे समजवायला त्यांनी साखर कारखाना धरला होता. "मेंदूत निरोप पुढं जात्यात, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं जात्यात तशा. ह्यो गडी उलटा येतो. ऊस टाकायच्या गव्हाणीपासनं मोटारसायकलवर माघारी येऊन म्हणतो, पुरं, दम धरा, हितं जागा न्हाई. मग ट्रॉल्या थांबत्यात. काम झालं की ह्यो जागच्या जागी मोडून जातो. भांग काय करती? ह्याच्यासारखाच तोंडवळा घिऊन येती आन् जायचं नाव घेत न्हाई. सगळा रस्ता ठप्प."

घरात त्या मोटारसायकलवाल्याचं काम आत्याकडे होतं. मामा रंगात आले की ती स्वयंपाकघरातून नुसतं "पुरं" म्हणे आणि मामा वाक्य अर्धं टाकून गप्प बसत. गेल्या दिवाळीत तिला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण तोंडून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी सतत बोलत राहा. मामांना बोलायला सांगणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मामा तिच्या उशाशी बसून सकाळपासून ट्रॉल्या सोडू लागले. थांबवणारं कुणी नव्हतं. एकदा मला बाहेर गाठून म्हणाले, "कटाळून तरी एकदा पुरं म्हणंल रं." मला फार वाईट वाटलं.

महाशिवरात्रीला मी साताऱ्याहून त्यांच्याकडे गेलो होतो. गल्लीतल्या महादेवाच्या देवळापुढं मंडळाची पोरं दुपारी थंडाई वाटतात आणि तिच्यात भांग असते, हे गावात सगळ्यांना ठाऊक. यंदा मामांनी स्वतःवर प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. प्रात्यक्षिकाला विद्यार्थी हवाच, म्हणून आत्याला देवळाच्या कट्ट्याशेजारी खुर्चीत बसवलं. उपासामुळं मामांच्या पोटात सकाळपासून पाणीसुद्धा नव्हतं. पेला संपवून खाली ठेवतायत तोच म्हणाले, "आलं. जीभ कोरडी पडली."

मग डोळे मिटून ते मेंदूचा एकेक भाग बंद पडल्याची बातमी देऊ लागले. "आठवणीचं केंद्र गेलं. तू कोण रं?"

मी म्हटलं, "आवं मामा, पोटातनं चढायला तासभर लागतो, मधी यकृत असतं, असं तुमीच सांगता की."

"माझं यकृत लय कष्टाळू हाय," मामा म्हणाले. तोल गेला म्हणून त्यांनी खांबाला मिठी मारली. भांगेनं भूक खवळते, म्हणून प्रसादाची उकडलेली रताळी सालासकट खाल्ली. वेळ थांबलाय का ते बघायला माझ्या मनगटाला कान लावला. माझ्या मनगटावर घड्याळच नव्हतं.

तेवढ्यात थंडाई करणारा मंडळाचा अध्यक्ष रिकामं पातेलं घेऊन आला. जरा वेळ बघत उभा राहिला. मग बिचकत म्हणाला, "आवं सर, त्यात नुसती बडीशेप आन् बदाम हाय. भांग आमी कवाच बंद केलीया."

मामांनी खांब सोडला नाही. जिभेवरची तहान आणि पोटातला उपास हेच काय ते त्यांना चढलं होतं. पण हार मानतील तर ते मामा कसले. "बघा, म्हंजी ह्यो आनंद बाहेरनं आलाच न्हाई, ह्यो अंगातनंच..." असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथं नवा तास सुरू केला.

खुर्चीतून खुसखुस ऐकू आली. आत्या पदर तोंडाला लावून हसत होती, खांदे गदगदत होते. हसता हसता तिचे ओठ वाकडे झाले, अडखळले, आणि शब्द बाहेर आला.

"पुरं."

मामा वाक्य अर्धं टाकून थांबले. तिच्याजवळ कट्ट्यावर बसले आणि दिवे लागेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. धोतराच्या सोग्यानं डोळे तेवढे पुसत होते.

तो शब्द तिला अजून पुन्हा जमलेला नाही. परवा फोनवर मामा म्हणाले, "त्यो पदार्थ साठवून ठेवता येत न्हाई गड्या. लागंल तवाच तयार हुतो." मग फोन तसाच चालू ठेवून ते आत्याकडे वळले, आणि मला लांबून त्यांचा आवाज ऐकू आला. ट्रॉल्या पहिल्यापासून निघाल्या होत्या.