सेंटरचा गुडघा

जुने क्रिकेटवाले भेटले की त्यांना सिक्सर आठवतात, कबड्डीवाल्यांना पकडी आठवतात. आम्ही बास्केटबॉलवाले भेटलो की दुसऱ्या चहापर्यंत गाडी गुडघ्यावर येते. कोणाचा गेला, कसा गेला, आवाज झाला की नाही! हे किस्से कोणी गोळा करत नाही. गुडघ्यात पाणी साचतं तसे ते आपोआप साचत जातात.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी नोकरीला होतो, म्हणजे तिथल्या टीममध्ये होतो. त्या काळी दोन्ही एकच होतं. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर बॉल घ्यायचा. टीममधला प्रत्येक जण आधी कच्चा, म्हणजे टेम्पररी, आणि मॅनेजरसाहेबांच्या मनात आलं की पक्का. कच्चा असताना पाय मोडला की नोकरी गेली. मी गार्ड होतो, टीममधला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात भित्रा. बाकीच्यांना त्या वेळचे स्कोअर आठवतात, मला नुसती भीती आठवते.

* * *

आमचे कोच पिल्लेसाहेब. मूळचे मद्रासकडचे, कारखान्यात फोरमन, पण भंडाऱ्यात इतकी वर्षं काढलेली की झोपेतही 'का'ला 'काहून' म्हणत असतील. आमचा आधीचा सेंटर, म्हणजे रिंगखाली उडी घेणारा उंच गडी, मोडला होता आणि साहेब उंच माणसाच्या शोधात गावोगाव फिरत होते. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्री दंडारीचे खेळ, सगळा तालुका एका जागी. अशाच एका मंडईला साहेब मला दिघोरीला घेऊन गेले.

दिवस मावळत होता. एका पोराने पेटलेली गॅसबत्ती घेतली आणि मांडवाच्या आडव्या बांबूला टांगली. स्टूल नाही, शिडी नाही. साहेबांनी माझा दंड घट्ट धरला.

"टाच बघ त्याची. टाच जमिनीवरच आहे."

तो श्रावण. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची माय अंगणात धानाचे भारे लावत होती. साहेबांनी नोकरी समजावून सांगितली, खेळ समजावून सांगितला. मायने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन काम काय करा लागते?"

"उडी मारायची. उंच."

मायने पोराकडे खालून वरपर्यंत पाहिलं. "वर तं तो जाईन. खाली कोन उतरवते?"

साहेब पोट धरून हसले. परतताना एसटीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाईचा पॉइंट बरोबर आहे."

* * *

मोडलेले सेंटर म्हणजे बंडूभाऊ. पक्के व्हायच्या तोंडावर एका मॅचमध्ये ते वर गेले ते धड, आणि खाली आले ते गुडघ्याविना, असं ते स्वतःच सांगत. कंपनीने दया म्हणून त्यांना गेटवर एक स्टूल दिलं होतं. तेही कच्चंच.

बंडूभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघायचे नाहीत, गुडघ्याकडे बघायचे. तुम्ही आपले डबा घेऊन मजेत चाललेले असायचे आणि ते हळूच म्हणायचे, "डावा बोलून राहिला तुया." त्या दिवशी डबा तसाच घरी जायचा. हळूहळू आख्खी टीम लांबचा फेरा घालून मागच्या गेटने यायला लागली. एकदा मागच्या गेटवर पाहतो तर पुढे पिल्लेसाहेब, सायकल हातात धरून, गुपचूप.

श्रावणला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो पहिल्या दिवशी पुढच्या गेटने आला. बंडूभाऊंनी त्याचे गुडघे बराच वेळ न्याहाळले. आम्ही लांब उभे, आता काय बोलतात म्हणून श्वास धरलेला. बंडूभाऊ भिंतीला धरून उठले आणि त्यांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बस. जितकं बसता येते तितकं बसून घे बापा."

श्रावण आज्ञाधारक पोरगा. त्या दिवसापासून तो दिसेल तिथे बसायचा. टीमच्या फोटोत सगळे उभे आणि हा एकटा बसलेला आहे, तरी त्याचं डोकं माझ्या डोक्याच्या वर आहे.

* * *

एसटीचा एक किस्सा, छोटासाच. पवनीहून येत होतो. श्रावणचे गुडघे कुठल्याच सीटमध्ये मावत नसत, म्हणून तो वाटेकडे पाय काढून बसायचा आणि आम्ही दोघं-तिघं वाटेत पहारा द्यायचो. त्या दिवशी गर्दीत पहारा मोडला. एका म्हाताऱ्या बुवाने हुश्श करत तांदळाचं गाठोडं श्रावणच्या गुडघ्यावर टेकवलं आणि वर हात ठेवून निवांत उभा राहिला.

मी घाबरून ओरडलो, "आजोबा, उचला ते!"

श्रावणने मला डोळ्यांनी गप्प केलं. भंडारा येईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम होता. म्हातारा उतरून गेल्यावर मी त्याला झापलं, तर म्हणतो, "मोठा मानूस होता. कसं मनू?"

* * *

आमचं कोर्ट सिमेंटचं होतं. श्रावणची माय पहिल्यांदा कारखान्याच्या कॉलनीत राहायला आली तेव्हा चप्पल काढून त्या कोर्टावर उभी राहिली. पायाच्या अंगठ्याने जमीन दाबून पाहिली. "अशा जागी आमी बैल बी नाई बांधत," एवढंच म्हणाली आणि श्रावणच्या खोलीवर गेली.

त्या रविवारी नागपूरची एक टीम खेळायला येणार होती. सकाळी आम्ही कोर्टावर पोचलो आणि जागेवर थिजलो. सगळं कोर्ट शेणाने सारवलेलं होतं! माय पहाटेच उठली होती, कॉलनीतल्या बायका तिने जमवल्या होत्या, आणि धानाच्या खळ्याला सारवतात तसं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवलं होतं. फ्री थ्रोच्या लाइनीवर रांगोळीही घातली होती.

पिल्लेसाहेब मटकन खाली बसले. धुवावं तर राडा होणार, आणि पाहुण्यांची गाडी गेटात आलेली. उन्हाने वरचा थर सुकल्यासारखा दिसत होता. साहेब म्हणाले, "खेळा. हळू खेळा."

मी पहिल्याच धावेत घसरत खांबापर्यंत गेलो. त्यांचा सेंटर डेव्हिड म्हणून होता, श्रावणच्याच उंचीचा आणि रुंदीने दीडपट. तो बॉलसाठी वर गेला आणि खाली येताना त्याचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले. गुडघा धरून तो पडून राहिला. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हसलं नाही. अशा वेळी पडलेला माणूस कुठल्या टीमचा आहे हे कोणालाच दिसत नाही.

एकटा श्रावण घसरला नव्हता. ओल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालण्यात त्याचा जन्म गेलेला, त्याने अनवाणी पायाची बोटं रोवली होती. तो आधी डेव्हिडपाशी पोचला आणि मागोमाग माय. तिने तोंडात पदर कोंबला होता.

"मी तं मऊ केली होती रे जागा," ती म्हणत राहिली.

मॅच रद्द झाली. डेव्हिडला गाडीत घालताना माय त्याच्या कानाशी काहीतरी बोलली.

* * *

पावसाळ्यात श्रावणचा उजवा गुडघा सुजायला लागला. कारखान्याच्या डॉक्टरला दाखवलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं असतं. मग मायने ठिकाण सांगितलं. कोंढ्याच्या पुढे एका गावात एक म्हातारा हाडं बसवायचा. मी श्रावणला घेऊन निघालो. एसटीत कोणी ओळखीचं दिसलं की मी खिडकीकडे तोंड फिरवायचो.

म्हाताऱ्याच्या अंगणात रांग होती. धानाच्या रोवण्याचे दिवस, म्हणून आधी बैल आणि मग माणसं. लंगडणाऱ्या दोन बैलांच्या मागे बाकड्यावर एक धिप्पाड माणूस तोंडावर दुपट्टा घेऊन बसला होता. एवढा देह दुपट्ट्यात कसा लपणार? तो डेव्हिड होता.

श्रावण थबकला. डेव्हिडने दुपट्टा खाली घेतला. "तुया मायनंच पत्ता देल्ला," तो म्हणाला. "मी तुले पायलं नाही."

"मीबी नाही," श्रावण म्हणाला आणि त्याच्या शेजारी बसला.

डेव्हिडही कच्चाच होता. त्याचेही साहेब होते, त्यांनाही हे कळायला नको होतं. बैल निघून गेल्यावर म्हाताऱ्याने श्रावणचा गुडघा दोन्ही हातांत घेतला, वाकवला, कान लावून ऐकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बैल असता तं सांगतलं असतं, इकून टाक. मानूस हाये, बांधून देतो."

त्या वाक्याने मी त्या रात्री जेवलो नाही. श्रावण मात्र शांत होता. पट्ट्या बांधून दोघं पुन्हा बाकड्यावर बसले, चारही पाय अंगणात लांब पसरून. डेव्हिड म्हणाला, "दोघंबी संग उडलो तं दोघंबी जाऊ. बॉल आला का एकदा तू उड, एकदा मी."

"अन साहेब लोक?"

"साहेबाले बॉल दिसते बे. पाय कोनाले दिसते?"

* * *

त्या सीझनमध्ये नागपूरवाल्यांशी आमच्या जितक्या मॅच झाल्या, त्या सगळ्या अशा झाल्या. रिंगवरून बॉल उडाला की एकदा श्रावण उडी घ्यायचा, आणि डेव्हिड हात वर करून दात-ओठ खात जमिनीवरच. पुढच्या वेळी उलटं. लोक म्हणायचे, काय टक्कर चालली आहे! ही गोष्ट त्या दोघांशिवाय मला एकट्याला माहीत होती, आणि मी अख्खी मॅच मनात पाळी मोजत घामाघूम व्हायचो. कळलं असतं तर दोघांची नोकरी त्याच दिवशी गेली असती.

एकदा पाळी चुकली. दोघंही वर गेले, दोघांनाही वर गेल्यावर आठवलं, आणि दोघांनी हवेतच एकमेकांना 'सॉरी' म्हटलं.

पिल्लेसाहेबांनी बाहेरून मला विचारलं, "काय बोलले ते?"

मी म्हटलं, "शिवी दिली साहेब."

साहेब खूश झाले. "पाहिजे. असा जोश पाहिजे."

* * *

शेवटी कपाची फायनल, आमच्याच कोर्टावर, समोर नागपूरवालेच. आदल्या दिवशी मॅनेजरसाहेब आले. टाचा उंचावून त्यांनी श्रावणच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "कप आला तर उद्या तू पक्का. नाही आला, तर पुढच्या वर्षी दुसरा सेंटर बघू."

श्रावणने मान हलवली. त्याचा गुडघा त्या दिवशी सकाळपासून पायजम्यात नीट मावत नव्हता.

माय कोर्टाच्या कडेला मुलाचे जोडे मांडीत घेऊन बसली होती. तिच्या शेजारी बंडूभाऊ स्टुलावर. कानात त्यांनी कापूस कोंबला होता. खेळ बघायचा होता, आवाज ऐकायचा नव्हता.

मॅच शेवटपर्यंत घासून गेली. एका पॉइंटने आम्ही मागे आणि वेळ संपत आलेला. मी लांबून बॉल फेकला. तो रिंगवर आपटून वर उडाला. मी पाळी मोजली. पाळी डेव्हिडची होती.

डेव्हिड वर गेला. आणि श्रावणही गेला.

त्याला आठवत नव्हतं असं नाही. जाताना त्याने डेव्हिडकडे पाहिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो इतका वर कधीच गेला नव्हता. बॉल त्याच्या हातात आला आणि तेवढ्यात त्याचं अंग मागे कलंडलं, डोकं खाली, पाय वर. सगळं वजन घेऊन तो सिमेंटवर येणार हे आम्हा सगळ्यांना दिसलं.

डेव्हिडने बॉलकडे पाहिलंच नाही. त्याने हवेतच श्रावणच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली, त्याला सरळ केलं, आणि दोघांचं वजन एका गुडघ्यावर घेऊन तो खाली आला. धानाचं पोतं जपून ठेवावं तसं त्याने श्रावणला पायांवर उभं केलं, आणि मग स्वतः कोसळला.

बंडूभाऊंच्या कानात कापूस होता, तरी ते उठून उभे राहिले.

रेफ्रीने शिट्टी वाजवली. डेव्हिडचा फाउल. श्रावणला दोन फ्री थ्रो, एकेका पॉइंटचे.

श्रावण लाइनीवर गेला. पहिला गेला आत. दुसराही गेला. लोक कोर्टात घुसले, मॅनेजरसाहेबांनी पिल्लेसाहेबांना मिठी मारली, "झाला, पक्का झाला," असं कोणीतरी ओरडलं, आणि श्रावणला खांद्यावर घ्यायला सगळे त्याला शोधू लागले.

तो रिंगखाली बसला होता, डेव्हिडच्या डोक्याशी. मायने डेव्हिडचा गुडघा मांडीवर घेतला होता आणि त्याच्यावरून हात फिरवत ती पुन्हा पुन्हा विचारत होती,

"अन तुले रे बाबू? तुले कोन उतरवते?"