हक्कसोडीची साडी

आमच्या भागात बहिणीला भावाकडून दोन वेळा हमखास साडी मिळायची. एक भाऊबीजेला आणि दुसरी हक्कसोडीला. भाऊबीजेची पहिल्याच धुण्यात रंग सोडायची. हक्कसोडीची मात्र जरीची. ती नेसून बहिणीने रजिस्टर ऑफिसात जायचं, बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला राजीखुशीने सोडायचा, अंगठा उमटवायचा आणि मग भावाच्या गाडीतून हॉटेलात जाऊन पनीर खायचं. घरी मासळी खाणाऱ्या आमच्या बायका ते पनीर वर्षभर आठवायच्या. जमीन कोणी आठवत नसे.

दोन हजारच्या पुढची ती वर्षं. आईच्या माहेरी, दापोड्याला, भाताच्या खाचरांवर गोडाऊनं उभी राहत होती आणि कालपर्यंत चिखलात असलेली माणसं शेठ होत होती. माझा एकुलता एक मामाही शेठ होण्याच्या बेतात होता. घोडं अडलं होतं ते सातबाऱ्यावर. आजोबा गेल्यावर तिथे त्याच्या जोडीला तीन बहिणींची नावं लागली होती. त्यामुळे मामाला एकाएकी मायेचं भरतं आलं. एरवी भिवंडीतल्या आमच्या गल्लीत लूमच्या खडखडाटाने त्याचं डोकं उठायचं. त्या महिन्यात मात्र तीनदा आला, बसून चहा प्यायला, आईच्या गुडघ्यांचीसुद्धा चौकशी केली. मला तेव्हाच शंका आली होती, पण बारावीतल्या पोरीला विचारतो कोण!

तिसऱ्या खेपेला उठता उठता तो म्हणाला, की बहिणी समजूतदार असल्या तरच माहेर टिकतं. आईला बरोबर कळलं. अंगठा दिला नाही तर माहेर तुटलं. माझी आई म्हणजे नळावर भांडण लागलं की बायका जिला बोलावून न्यायच्या ती बाई. ती त्या दिवशी मान खाली घालून भाकऱ्या थापत राहिली. मला मामाचा असा राग आला म्हणून सांगू!

ठरल्या दिवशी मोठी मावशी, आई आणि धाकटी मावशी, तिघी एकसारख्या जरीच्या साड्यांत ऑफिसच्या बाकावर बसल्या. आईला वाचता येत नव्हतं म्हणून मी बरोबर गेले होते. कायद्याने साहेबाला एक प्रश्न विचारावा लागतो, राजीखुशीने सोडताय ना? साहेब तो खाली मान घालून, शिक्का शोधत विचारायचा. मोठी मावशी प्रश्न पुरा व्हायच्या आधीच हो म्हणाली. मग आईचा नंबर आला.

"न्हाय," आई म्हणाली. "मना खुशी न्हाय."

साहेबाने पहिल्यांदा मान वर केली. बाईला मराठी समजलं नसेल असं वाटून त्याने तोच प्रश्न हिंदीत विचारला. आईनेही हिंदीत नाही म्हणून सांगितलं. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. उन्हाने हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं तो साहेबाला समजावू लागला, तेव्हा आई त्याच्याकडे वळली.

"लावणीला आमी तिघी वाकायचो. तवा कोन बोलला न्हाय, पोरींनो हे तुमचं न्हाय."

मोठ्या मावशीने शाई लावलेला अंगठा कागदावरून मागे घेतला आणि चक्क त्या कोऱ्या साडीला पुसला. धाकटी आईकडे बोट दाखवून म्हणाली, ताई म्हणेल तसं. आजवर ती भाऊ म्हणेल तसं म्हणत आली होती. मामा गाडी घेऊन एकटाच निघून गेला आणि आम्ही चौघी पनीर न खाता रिक्षाने घरी आलो. पुढे आठवडाभर गल्लीतल्या बायका आईला भेटायला येत होत्या. निम्म्या सल्ला विचारायला, निम्म्या निर्लज्ज बाई जवळून कशी दिसते ते पाहायला. माझे वडील या काळात पेपर फार लक्ष देऊन वाचायचे.

भाऊबीजेला मामा आला नाही. दुपारपर्यंत आईने वाट पाहिली, मग ताम्हन फडक्यात बांधलं, दोघी बहिणींना निरोप धाडून बोलावून घेतलं आणि आम्ही चौघींनी दापोडं गाठलं.

मामाच्या ओटीवर चढताना आईने माझं मनगट धरलं. ही बाई कोणाला भीत नाही असं मी जन्मभर समजत होते. ती हळूच मला म्हणाली, "दार लावून घेतलं तर गं?" आणि माझं उत्तर यायच्या आत तिने कडी वाजवली.

दार मामानेच उघडलं.

"पाट मांड," आई म्हणाली. "मांडायचा नसंल तर तसं सांग. आमी आमच्या शेतात जाऊन बसतो."

मामाने आत जाऊन स्वतःच्या हाताने पाट आणला आणि तो त्यावर मुकाट्याने बसला. ओवाळताना आई रडली. मामाही रडला. बहिणीसाठी की सातबाऱ्यासाठी, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.