पॅटला इंग्लंड शिकवायला गेले

माझ्या फजितीचा हा किस्सा मीच सांगितलेला बरा. माझा नवरा निखिल सांगतो तेव्हा पदरचं बरंच घालतो, आणि खरं म्हणजे यात काही घालायची गरजच नाही. बसा निवांत, चहा घ्या.

मी मँचेस्टरला एका हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. मूळची सांगलीची. बोलायची हौस लहानपणापासून. त्यामुळे आमच्या भागातल्या लायब्ररीने दर महिन्याला एका देशाच्या माणसाशी गप्पा असा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा प्रश्न विचारायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. पोलंड झालं, नायजेरिया झालं. मग तिथली लायब्रेरियन हेलन म्हणाली, "पुढच्या वेळी ऑस्ट्रेलिया. पण कुणीही नको. ज्याच्याकडे बघून चार लोकांना हुरूप येईल, असं कुणीतरी बघ. आणि ऑस्ट्रेलियन असणं म्हणजे त्यांना काय वाटतं, तेही बोलायला हवं."

आता असं माणूस आणायचं कुठून? आमच्या हॉस्पिटलमध्ये दोन-तीन ऑस्ट्रेलियन डॉक्टर आहेत, पण ते शिफ्ट संपली की सायकलीवर टांग टाकून पसार होतात.

आणि एका शनिवारी ट्रामच्या स्टॉपवर मला पॅट भेटली. सत्तरी ओलांडलेली, उंच, उन्हाने रापलेली, पायात दणकट बूट. "सेल गावाकडे जाणारी ट्राम इथूनच ना?" तिने विचारलं. तेवढ्यावरून मी ओळखलं. माझ्या वडिलांनी पहाटे उठवून उठवून मेलबर्न-सिडनीच्या क्रिकेटची कॉमेंटरी ऐकवलीय आम्हाला. माझा कान कसा चुकेल?

"तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या ना?"

"लोकांना तसंच वाटतं," ती हसून म्हणाली.

कुणी शहाणं असतं तर इथेच थांबलं असतं. मी कसली थांबते?

ट्राममध्ये मी तिच्या शेजारीच बसले. "फिरायला आलात का?"

"बहिणीकडे आलेय."

"अरे वा. बहीण इकडे सेटल झाली वाटतं?"

"ती इथलीच आहे. पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे बरीच वर्षं झाली असतील, असा अर्थ मी काढला आणि तिला इंग्लंड समजावून सांगायला घेतलं. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, घाबरू नका. इथली माणसं 'नॉट बॅड' म्हणाली की समजायचं, फार आवडलंय. छत्री घेऊ नका, वाऱ्याने उलटी होते, चांगला रेनकोट घ्या. कुठल्या दुकानात स्वस्त मिळतो तेही सांगितलं. "असं होय?" म्हणत ती मन लावून ऐकत होती. बोलता बोलता कळलं की ती नर्स होती. मोठ्या गावांपासून कुठल्या कुठे लांब, छोट्या विमानातून पेशंटपर्यंत जायची. तीस-पस्तीस वर्षं हेच केलं.

मला हवं ते माणूस माझ्या शेजारच्या सीटवर बसलं होतं. मी लगेच आमंत्रण दिलं. तिने थोडा विचार केला आणि हो म्हणाली.

कार्यक्रमाआधी आम्ही दोनदा कॉफीला भेटलो. तयारी म्हणून. बोलले मीच. दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, "मीनल, माझ्याबद्दल एक गोष्ट तुला आधीच सांगायला हवी."

"आत्ता नको," मी म्हणाले. "सगळं लोकांसमोरच सांगा. म्हणजे ताजं राहतं."

बघा, स्वतःच्या हाताने कसा खड्डा खणतात ते.

कार्यक्रमाच्या दिवशी लायब्ररी गच्च भरली होती. पहिल्या रांगेत पॅटची बहीण जीन बसली होती, हातातली पर्स घट्ट धरून. मी साडी नेसून, माईक घेऊन उभी. म्हटलं, "आजच्या आपल्या पाहुण्या जगाच्या दुसऱ्या टोकाहून आल्या आहेत. आपल्या इंग्लंडमध्ये आपण त्यांचं मनापासून स्वागत करूया." टाळ्या पडल्या. मग मी पहिला प्रश्न विचारला. "पॅट, या देशात पहिलं पाऊल टाकलंत तेव्हा कसं वाटलं?"

पॅटने एकदा जीनकडे पाहिलं. मग म्हणाली, "काही आठवत नाही. तेव्हा मी जेमतेम जन्मले होते."

लोक हसले. मीही हसले. ऑस्ट्रेलियन माणसं थट्टेखोर असतात, हे मी ऐकून होते. "नाही, पण खरंच सांगा ना."

"खरंच सांगतेय. या लायब्ररीच्या मागे आता फ्लॅट आहेत ना, तिथे तेव्हा प्रसूतिगृह होतं. तिथली मी."

आता कुणी हसलं नाही. माझा पुढचा प्रश्न कांगारूंबद्दल होता. तो मी गिळला. शेवटी मी फक्त म्हणाले, "सांगा."

आणि तिने सांगितलं. तिची आई लग्नाआधीच आई झाली होती. जवळ ठेवून घेणं जमेना, म्हणून मुलीला अनाथाश्रमात ठेवलं. परिस्थिती सुधारली की परत न्यायचं, असं तिच्या मनात होतं. पॅट सहा वर्षांची असताना एके सकाळी तिला आणि आणखी काही मुलांना नवे कोट घातले आणि बोटीवर चढवलं. मुलांना वाटलं सहल आहे. बोट ऑस्ट्रेलियाला लागली. तुझी आई वारली, असं पॅटला सांगण्यात आलं. इकडे आई मुलीला न्यायला आली, तेव्हा तिला सांगितलं की एका चांगल्या इंग्लिश कुटुंबाने तिला दत्तक घेतलंय.

"सरकारने आणि आश्रमांनी मिळून अशी कितीतरी मुलं तिकडे पाठवली," पॅट म्हणाली. "मी एकटी नव्हे. तिकडे आम्हाला जिथे ठेवलं, तिथलं सगळं मी आज सांगणार नाही. शेतावर काम करायचो, पायात काही नसायचं, एवढं पुरे."

शाळेतली मुलं तिला इंग्लिश म्हणून चिडवायची, म्हणून तिने त्यांच्यासारखं बोलणं घोटून घोटून शिकून घेतलं. पुढे चाळिशीत तिने पासपोर्ट काढायला घेतला, तेव्हा कळलं की ती ऑस्ट्रेलियाची नागरिकच नाही. "गंमत बघा," ती म्हणाली, "दोन्ही देशांच्या मते मी दुसऱ्या देशाची होते."

मागून एका आजोबांनी विचारलं, "मग तुम्ही स्वतःला काय म्हणवता?"

"ऑस्ट्रेलियन," पॅट लगेच म्हणाली. "तिथल्या माणसांनी मला घरात घेतलं, त्यांची बाळं माझ्या हातात जन्मली. लहानपणी मला कुणी विचारलं नव्हतं कुठे जायचंय. म्हणून मोठेपणी मीच ठरवलं, आणि शपथ घेऊन नागरिक झाले. पण इथला पाऊस अंगावर आला की माझ्या आत कुणीतरी लहान मुलगी जागी होते. तिला मी काही म्हणत नाही. असू दे."

जीन रडत नव्हती, नुसती पॅटकडे बघत होती. आईचं नंतर लग्न झालं, त्यातली ही जीन. आपल्याला मोठी बहीण आहे, हे तिला आई गेल्यावर मावशीकडून कळलं. तिनेच मग शोध घेऊन पॅटला गाठलं.

सगळे पांगल्यावर मी पॅटला कोपऱ्यात गाठलं. तोंड वर करायची हिंमत नव्हती. "मी तुम्हाला रेनकोट कुठे मिळतो ते सांगत होते. मला थांबवलं का नाहीत?"

"एकदा प्रयत्न केला," ती म्हणाली. "पण नंतर म्हटलं, राहू दे. माझी हकीकत कळली की इथले लोक माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात. तू नाही बोललीस. रविवारी जीनकडे जेवायला ये. आणि येताना शहाणी होऊन येऊ नकोस."

गेले. जीनने रोस्टचा घाट घातला होता, मी मांस खात नाही म्हणून माझ्यासाठी भाज्या भरलेला 'पाय', म्हणजे आपल्या मोठ्या कचोरीसारखा प्रकार. पण टेबलावरचं वातावरण काही वेगळंच होतं. "मीठ देतेस का? थँक यू." "सॉरी, तुला आणखी हवंय का?" दोघी बहिणी एकमेकींशी डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये भेटल्यासारख्या बोलत होत्या. मी किचनमध्ये पाणी आणायला गेले, तेव्हा जीन हळूच म्हणाली, "मला ती फार आवडते गं. पण बोलू कशाबद्दल? आमच्या दोघींचं मिळून काही घडलेलंच नाही."

शांतता मला सोसत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी टेबलाशी येऊन बसले आणि घरचे किस्से सुरू केले. दूध आटवलं की पातेल्याच्या तळाला खरवड धरते, ती मी आणि माझी धाकटी बहीण स्वाती कशा भांडून खायचो. एकदा स्वातीने ते पातेलंच कॉटखाली लपवलं, मी तिची वेणी धरली, तिने मला चावा घेतला—

आणि माझं मलाच लक्षात आलं, मी कुणापुढे काय बोलतेय. बहिणी-बहिणींचं बालपण, आणि ते या दोघींना ऐकवतेय. मी तिथेच थांबले. कान गरम झाले.

"मग?" पॅट म्हणाली. "खरवड कुणाला मिळाली?"

"स्वातीला," मी चाचरत म्हणाले. "आई म्हणाली, मोठीने सोडून द्यायचं."

"बरोबर म्हणाली," जीन म्हणाली.

"बरोबर कसं?" पॅटने काटा खाली ठेवला. "मोठीचा हक्क पहिला."

"मोठी मोठेपणाने वागली तर ना." असं म्हणून जीनने बटाट्यांचा ट्रे स्वतःकडे ओढला. कडेला करपून कुरकुरीत झालेले तुकडे चिकटले होते. ती ते सुरीने सोडवायला लागली. पॅटने तिच्या हातावर चापट मारली आणि ट्रे परत ओढला. जीनने सोडला नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच कुणी सॉरी म्हणालं नाही.

"लहानपणापासून तुझंच सगळं," पॅट म्हणाली, आणि दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जीन म्हणाली, "हो, आणि तू तेव्हापासून अशीच हावरट," आणि ट्रेची ओढाताण पुन्हा सुरू झाली.

मला राहवेना. मी समजूत घालायला मध्ये तोंड घातलं. "अहो, निम्मं निम्मं—"

"मीनल, तू जरा गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.