मालतीकाकूंचं विरजण

शेजारच्या मालतीकाकू गेल्या. तेराव्यानंतर घर आवरताना कुणीतरी त्यांचं विरजणाचं भांडंही घासून टाकलं. सासूबाईंचं दही पुढे चालवायचं ठरवलेली सून रडवेली झाली.

काल ती वाटी घेऊन आमच्या दारात आली. "वहिनी, चमचाभर विरजण द्या. कसलंही चालेल."

"कसलंही कशाला? हे तुमच्याच घरचं आहे," माझी पत्नी म्हणाली. "आमचं नासलं की काकूंकडेच जायचे मी. 'दही सांभाळता येत नाही, नवरा कसा सांभाळतेस गं?' म्हणायच्या, आणि द्यायच्या."

मागे काही उरावं म्हणून माणसं ते जपून ठेवतात. काकूंनी वाटून टाकलं होतं, आणि आळीतल्या घराघरांत ते रोज नव्या दुधात मिसळत होतं.

सुनेनं वाटीवर ताटली झाकली. "निघते, दूध कोमट झालं असेल," म्हणाली आणि हसली.