तंबाखूच्या रकान्यात 'नाही'

त्याचं नाव मी विचारलं नाही. सातारा-सांगली एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर पेजेचा डबा होता आणि गाडी आदळली की तो डबा दोन्ही हातांनी अलगद उचलून धरायचा.

मी कंपनीतली नोकरी सोडून नुकतंच स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबरच गेला होता, म्हणून नव्या विम्याचा फॉर्म प्रवासातच भरत होतो. बायकोच्या नावापुढे तंबाखूच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं.

"वैनी मिश्री लावत न्हाईत व्हय?" तो सरळ फॉर्ममध्ये डोकावून म्हणाला.

"लावते. पण ती दात घासायला."

"मीबी असंच लिवलं हुतं. आवं, मिश्री म्हंजे तंबाखूच की! आता आमच्या हिच्या तोंडात गाठ हाय, आन विमावाले म्हणत्यात, तुमी लपवलं."

मी दचकलो. घाईघाईनं 'नाही' खोडून 'होय' लिहिलं आणि वेळेत सुटलो, असं मला वाटलंसुद्धा.

तो डब्याचं झाकण चाचपत म्हणाला, "फॉर्मचं ऱ्हाऊ द्या. वैनींना तिखट झोंबतंय का?"

दोन महिने घरात भाजी मिळमिळीत होत होती. परवाच मी त्यावरून ताट सारलं होतं. "तोंड आलंय हो," ती म्हणाली होती. आणि तिची मिश्री बाजारातून मीच आणत आलो आहे.

कराडला उतरून मी परतीची गाडी धरली. त्याची बायको कशी आहे, हे विचारायचंही माझ्याकडून राहिलं.