दुसरी घंटा झाली की गेट बंद

त्रिभुवन सर आज स्वतःच्याच अंत्यप्रार्थनेला उशिरा पोहोचले.

त्यांना गेटबाहेर उभं केलं.

हे वाचून ज्यांना धक्का बसला, ते आमच्या शाळेचे नाहीत. जे हसले ते आमचेच, आणि त्यातही लेटकमर.

बाकीच्यांसाठी थोडा इतिहास. शाळा इंग्रज पाद्र्यांनी काढली. काळ्या दगडाचं चॅपल, भोवती आंब्याची झाडं, आणि बिशपांची नावं दिलेली हाउसेस. त्यांतलं एकही नाव आम्हाला धड उच्चारता आलं नाही. शाळेनं सरकारचं अनुदान कधी घेतलं नाही, त्यामुळे नियमही स्वतःचेच.

पहिली घंटा झाली की चॅपलकडे चालू लागायचं.

दुसरी झाली की गेट बंद.

उशिरा येणाऱ्यांनी प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं आणि गजांतून येईल तेवढा देव ऐकायचा.

गेटवर सॅम्युअल त्रिभुवन सर. शिकवायचे इतिहास, पण खरा विषय गेट.

मी पंचवटीतला. संध्या झाल्याशिवाय वडील उंबरा ओलांडू देत नसत. सूर्याला अर्घ्य देऊन सायकल हाणत पोहोचेपर्यंत दुसरी घंटा झालेली असायची.

"काय रे जोशी, तुमच्याकडे सूर्य उशिरा उगवतो का?"

"सर, आजचा दिवस..."

"प्रभू वाट बघतो. मी बघत नाही."

प्रार्थना संपली की स्वतः कडी काढायचे आणि प्रत्येकाच्या कानाशी वाकून म्हणायचे, "उद्या वेळेवर ये." ना राग, ना लोभ. पुढे गीतेच्या वर्गात गुरुजींनी स्थितप्रज्ञाची लक्षणं शिकवली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोण उभं राहिलं असेल, ते ओळखा.

आता नीलिमा.

माझ्या वर्गातली. वडील अंबडला कंपनीत फिटर. आवाज असा, की चॅपलमध्ये पियानो वाजवणाऱ्या त्रिभुवन काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, नाताळच्या कार्यक्रमात एक अख्खं गाणं तिला एकटीला दिलं होतं.

त्या दिवशी तिचे वडील कंपनीतून परस्पर आले. नवा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसले.

हिची बस सिडकोत बंद पडली. तिथून पळत आली. दुसरी घंटा झाली होती.

मी गेटबाहेर होतोच. माझी जागा ठरलेली.

काकू चॅपलमधून धावत आल्या. नवऱ्यापुढे अक्षरशः हात जोडले.

"सॅम, एकदाच. तिचा बाप बसलाय आत."

"बाप वेळेवर आला ना? मग पोरीला काय झालं?"

आत ते गाणं दुसऱ्याच मुलीनं म्हटलं. नीलिमा गज धरून उभी होती, तोंड घट्ट मिटून. रडली असती तर बरं झालं असतं.

आज ती आमच्या शाळेची प्रिन्सिपल आहे.

सरांची शेवटची इच्छा एकच होती. प्रार्थना आपल्या चॅपलमध्ये व्हावी, सगळ्या शाळेसमोर. नीलिमानं लगेच होकार दिला. मुलं रांगेनं बसली, पाद्रीसाहेब आले, काकू आल्या.

आणि शववाहिनी द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकली. नाशिककरांना पुढचं सांगायला नको.

मी पोहोचलो तेव्हा गेट बंद. (हो, लेट. चालायचंच.) गेटसमोर शववाहिनी. गाडीत सर.

ड्रायव्हर वैतागलेला. "साहेब, आत कोणी ओळखीचं नाही का?"

"गाडीतलाच माणूस ओळखीचा आहे."

वॉचमन म्हणाला, "दुसरी घंटा झाली. मॅडमची ऑर्डर आहे."

"अहो," मी म्हणालो, "ती घंटा यांच्यासाठीच वाजवलीय!"

आतून पाद्रीसाहेब लगबगीनं आले. मागोमाग नीलिमा, तिच्या मागे काकू.

"मॅडम, काहीतरीच काय! ज्याची प्रार्थना, तोच बाहेर?"

"सरांचाच नियम आहे, पाद्रीसाहेब."

मग सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू गजांतून गाडीकडे बघत होत्या.

"राहू दे उभा," त्या म्हणाल्या. "मी हात जोडले होते तेव्हा त्यानं कुठं उघडलं?"

मेल्यावर वैर संपतं, असं आम्ही संस्कृतात घोकलं. घोकून घेणाऱ्यांनी आमची शाळा पाहिली नव्हती.

प्रार्थना झाली. सरांवाचून.

सर बाहेर, मी बाहेर. गेटच्या एकाच बाजूला आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा आलो.

ड्रायव्हरनं हळूच विचारलं, "यांनी केलं तरी काय होतं एवढं?"

"काही नाही. नियम पाळला."

प्रार्थना संपली. मुलं वर्गात गेली. नीलिमानं स्वतः कडी काढली. आम्ही चार-सहा जणांनी सरांना रिकाम्या चॅपलमध्ये नेऊन ठेवलं.

"काकू, पियानोवर बसता?" नीलिमा म्हणाली.

काकू बसल्या. कुठलं गाणं, हे त्यांनी विचारलं नाही.

ऐन उन्हाळ्यात नीलिमानं नाताळचं गाणं म्हटलं. सगळी कडवी. आवाज आता पहिल्यासारखा राहिलेला नाही, शेवटी शेवटी चिरकला. थांबली नाही. नजर पहिल्या बाकावर. तिथं कोणी नव्हतं. तिचे वडील जाऊनही आता वर्षं झाली.

सर मात्र समोरच होते. त्यांना उठून जायची सोय नव्हती.

गाणं संपल्यावर ती शवपेटीवर वाकली, जिथं कान असतो तिथं.

"सर, उद्या वेळेवर या."

ना राग, ना लोभ. हुबेहूब त्यांच्यासारखं.

काकूंनी पियानोचं झाकण लावलं आणि मग पहिल्यांदा रडल्या.

सर, नमस्कार. जा आता.

वरच्या गेटवर तुम्हालाच उभं केलं असेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी याही वेळी लेटच येणार आहे.

आपला,
बाहेर उभा असलेला जोशी